नोहाचं तारू, मनूची नौका आणि डोंगरावरचे शिंपले

प्रश्न: माझा एक जवळचा मित्र ख्रिश्चन आहे, त्याच्या मते नोहाच्या वेळचा पूर बायबलात लिहिलाय तसाच आला होता, सगळी पृथ्वी बुडाली होती. तो म्हणतो आपल्याकडे मनू आणि माशाची तीच गोष्ट आहे, इराकमध्येही आहे, मग सगळे एकच खोटं कसं बोलतील? शिवाय हिमालयावर समुद्रातले शिंपले सापडतात. मला उत्तर सुचलं नाही. खरं काय आहे?

उत्तर: शिंपल्यांचं आधी बघू कारण ते सोपं आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत समुद्री जीवांचे अवशेष खरंच आहेत, तुमचा मित्र चुकीचं सांगत नाहीये, पण पाणी तिथवर चढलं नव्हतं, तो दगडच एके काळी समुद्राचा तळ होता आणि भारताचा भूखंड आशियावर आदळल्यावर कोट्यवधी वर्षांत तो वर उचलला गेला. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात लिहिलंय की पाणी उंच पर्वतांच्याही वर 15 हात चढलं. आता एव्हरेस्ट आहे 8,849 मीटर, आणि जगातला सगळा बर्फ वितळला तरी समुद्र साधारण 70 मीटर वाढेल, मग बाकीचं पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे? त्यामुळे अख्खी पृथ्वी बुडवणारा पूर झाला नाही, हे मी स्पष्टच सांगेन.

आता "सगळीकडे तीच गोष्ट" याबद्दल. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. 1872 मध्ये जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाटीवर गिल्गमेश या प्राचीन इराकमधल्या महाकाव्यातली पूरकथा वाचली, त्यात उतनपिश्तिम नावाचा माणूस नौका बांधतो, पाणी ओसरलं का बघायला पक्षी सोडतो, नंतर बळी अर्पण करतो, म्हणजे नोहाशी इतकं जुळतं की दोन्ही कथा एकाच मुळातून आल्यात हे बहुतेक अभ्यासक मानतात. थोडक्यात हे दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत, एकच गोष्ट शेजारी-शेजारी फिरलीय.

मनूची गोष्ट मात्र जरा वेगळी आहे आणि ती मूळ रूपात वाचाच. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात मनू हात धुताना हातात छोटा मासा येतो, म्हणतो मला वाढव, मी तुला वाचवीन, पुढे मनू नौकेचा दोर त्याच्या शिंगाला बांधतो आणि मासा त्याला उत्तरेच्या पर्वताकडे नेतो. बस्स. नोहाच्या कथेसारखी माणसांच्या पापाची शिक्षा नाही, तारवात घेतलेल्या प्राण्यांच्या जोड्या नाहीत, मासा कुठला देव आहे हेही नाही. महाभारतात मनूबरोबर सप्तर्षी आणि बी-बियाणं येतं आणि मासा स्वतःला ब्रह्मा म्हणवतो, मत्स्यपुराणात तोच विष्णू होतो. म्हणजे कथा आपल्या डोळ्यांसमोर वाढताना दिसते, आणि जी कथा अशी वाढते तिला घडलेल्या घटनेचा शब्दशः अहवाल कसं म्हणायचं? हाच निकष आपल्या कथेला लावायचा आणि नोहाच्याही, नाहीतर वाद फक्त "माझं खरं, तुझं खोटं" असा होतो.

पण म्हणून हे निव्वळ कल्पनेतून आलंय असंही नाही. इराकमधल्या टायग्रिस-युफ्रेटिस नद्यांच्या सपाट खोऱ्यात भयानक पूर यायचे. तिथल्या उर या प्राचीन शहरात पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना 1929 च्या सुमारास पुराच्या गाळाचा जाड थर सापडला, शुरुप्पाक या तिथल्याच दुसऱ्या जुन्या शहरातही थर आहे, आणि गंमत म्हणजे उतनपिश्तिम शुरुप्पाकचाच. फक्त हे दोन थर एकाच काळातले नाहीत, वेगवेगळ्या पुरांचे आहेत. ज्या माणसाचं शेत, गुरं, घर सगळं एका रात्रीत गेलं आणि नजर जाईल तिथवर पाणीच दिसलं, त्याच्यासाठी "सगळं जग बुडालं" हे खोटं नव्हतंच.

मित्राशी बोलताना इथून सुरुवात करा, शिंपल्यांवरून नको, कारण शिंपल्यांवर तो हरल्यासारखा वाटून चिडेल आणि पुढचं ऐकणार नाही. गिल्गमेशच्या 11 व्या पाटीचं भाषांतर आणि उत्पत्तीचे 6 ते 9 अध्याय दोघांनी एकत्र बसून वाचा, शतपथातला मनू शेवटी घ्या.