रहस्यकथेवर मत देण्याआधी
रहस्यकादंबरी चांगली की वाईट, हे केवळ शेवटच्या धक्क्यावरून ठरवू नका. खुनी कळल्यावर मागची पानं पुन्हा चाळा. धागेदोरे तिथे होते का? इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथांचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातला एक. माझ्या मते आजही तीच खरी कसोटी. शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ उगवला, तर मी ते पुस्तक कुणालाच सुचवत नाही.

आठवणींचं पुस्तक मात्र वेगळ्या नजरेने वाचा. लेखक स्वतःला कुठे झुकतं माप देतो, कुणाबद्दल गप्प राहतो, ते बघा. आणि अभिप्राय लिहिताना रहस्य फोडू नका, अगदी सूचकपणेही नाही.