नसा जाळल्या की बीपीच्या गोळ्या सुटतात का?

प्रश्न: डॉक्टर, वय ५४. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, त्यात एक लघवीची, तरी वरचं बीपी १६० च्या खाली येत नाही. किडनीच्या नसा जाळतात आणि मग गोळ्या कायमच्या बंद, असं मेव्हणे म्हणतात. करून घेऊ का?

उत्तर: मेव्हण्यांचं अर्धं बरोबर आहे हो. आपण घाबरलो की छाती धडधडते ना, ते सिंपथेटिक नसांचं (रक्ताच्या नव्हे, मेंदूचे निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंचं) काम, आणि त्याच नसा किडनीच्या रक्तवाहिनीभोवतीही असतात, त्या जास्त चेकाळल्या की किडनी रेनिन नावाचं बीपी चढवणारं रसायन सोडते, मीठपाणी धरून ठेवते आणि बीपी चढतं. म्हणून जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून आतून उष्णता देऊन या नसा जाळायच्या. कल्पना जुनीच आहे, १९४० च्या दशकात तर पाठ उघडून नसा कापायचे, बीपी उतरायचं पण माणूस उभा राहिला की चक्कर येऊन पडायचा.

आता गंमत ऐका. २०१४ मध्ये ५३५ पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, काहींच्या नसा जाळल्या, बाकीच्यांची नुसती अँजिओग्राफी (रक्तवाहिनीत औषध सोडून एक्स-रे) केली, आणि कोणाचं काय केलं ते पेशंटला सांगितलंच नाही. सहा महिन्यांनी जाळलेल्यांचं वरचं बीपी १४ ने उतरलं, न जाळलेल्यांचंही जवळपास १२ ने! सगळ्यांची हवाच गेली. पुढे कॅथेटर सुधारले, नव्या ट्रायलमध्ये खरा फरक दिसला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली. पण तो फरक थोडाच, म्हणजे साधारण एखाद्या गोळीइतका. तुमच्या तिन्ही गोळ्या सुटतील असं मी तरी सांगणार नाही.

त्याआधी घरी बीपी मोजा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, गप्पा न मारता. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, छोट्या पट्ट्यात बीपी उगाच जास्त दाखवतं. गोळ्या चुकतात का तेही स्वतःशी खरं बोला. आणि घरच्यांना विचारा, रात्री घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो का? थांबत असेल तर झोपेची टेस्ट करा, कारण दर वेळी श्वास अडला की याच नसा रात्रभर खवळतात. हे सगळं ठीक निघालं तर डॉक्टरांना चौथी गोळी स्पायरोनोलॅक्टोन विचारा, पोटॅशियम तपासत राहावं लागतं एवढंच.

हां, आणि तीनपैकी एक क्लोनिडिन असेल तर मेव्हण्यांचं ऐकून ती एकदम बंद करू नका, बीपी उसळी मारतं.