बदलापूर, डोंबिवली की ठाणे?

मावशी,
आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो. घरमालकांना मे महिन्यात जागा रिकामी हवी आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. मी बँकेत आहे, शाखा फोर्टला. नवरा ऐरोलीला आयटी कंपनीत. त्याने बदलापूरला टू बीएचके बघून ठेवलाय. संकुल नवं आहे, शेजारीच मोठ्या मैदानाची सीबीएसई शाळा. सासूबाई डोंबिवलीला असतात. त्या म्हणतात, आमच्या जवळ राहा, नातीला मी बघते. मला मात्र ठाण्यात स्टेशनजवळ भाड्याने राहायचंय आणि मुलीला सेमी-इंग्रजीत घालायचंय. ठाण्यात आमच्या ऐपतीत वन बीएचकेच बसतो. परवा यावरून वाजलं तेव्हा तो म्हणाला, "एवढा प्रवास झेपत नसेल तर नोकरी सोड. तसंही मुलीला तुझी गरज आहे." तेव्हापासून मी गप्पच आहे. मी हट्ट करतेय का?
– एक वाचक, मुलुंड

प्रिय लेकी,

हट्ट अजिबात नाही. आणि आधी घराचं नाही, त्या वाक्याचं बोलू या, कारण ते तसंच राहिलं तर कुठल्याही गावात घर घेतलंत तरी ते तुमच्या आधी तिथे जाऊन बसेल.

बदलापूरचं घर स्वस्त वाटतं, कारण त्याच्या किमतीत तुझा प्रवास धरलेला नाही. तुझ्या फोर्टजवळच्या सीएसएमटी स्टेशनपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि बदलापूर ६८. फास्ट लोकल मिळाली तरी बदलापूरहून सीएसएमटीला दीड तासाच्या आसपास लागतो, तोही गाडी वेळेवर असेल तर. म्हणजे दहाला शाखेत हजर व्हायचं तर पावणेआठला घर सोडायचं. संध्याकाळी सातची गाडी धरलीस तर घरी पोचेस्तोवर पावणेनऊ. तुझ्या नवऱ्याने हा हिशेब मांडलेला नसावा. त्याला दोन खोल्या आणि मैदान दिसलं, आणि उरलेलं ओझं तू नोकरी सोडून उचलशील असं त्याने गृहीत धरलं. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण घर परवडण्यासाठी तुझा पगार जायचा असेल तर ते घर परवडत नाही, हे त्याला कागदावर आकडे लिहून दाखव. एकीकडे बदलापूरचा हप्ता आणि एकच पगार, दुसरीकडे ठाण्याचं भाडं आणि दोन पगार. दहा वर्षांनंतरचा तुझा पगार आणि निवृत्तीनंतरचं काय, तेही लिही. बँकेतली नोकरी एकदा सोडली की पुन्हा त्याच जागी मिळत नाही.

आता मुलीचं. "तिला तुझी गरज आहे" हे खरंच आहे, तशी तिला बापाचीही आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. लेकरांच्या झोपेसाठी निर्णय चांगला आहे, पण फोर्टला नोकरी करणाऱ्या आईची सकाळ त्याने अवघड केली. नऊला मुलीला शाळेत पोचवून तू, बदलापूरचं तर राहू दे, ठाण्याहूनही दहाला फोर्टला पोचणार नाहीस. मग सोडणार कोण? ठाण्यात राहिलात तर ज्याचं ऑफिस जवळ तो सोडेल. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलं की मध्ये फक्त दिघा गाव, पुढचं स्टेशन ऐरोली. तो मुलीला शाळेच्या फाटकात सोडून आरामात कामावर पोचू शकतो, आणि दुपारी शाळेतून "ताप आलाय, घेऊन जा" असा फोन आला तर तू फोर्टहून निघायच्या आत तो तिच्याजवळ असेल. बदलापुरात राहिलात तर असा फोन आल्यावर दोघांपैकी कुणीच लवकर पोचणार नाही. मी घर निवडताना सगळ्यात आधी हेच विचारते: दुपारी दीड वाजता फोन आला तर कोण जाणार, आणि किती वेळात?

म्हणून माझं मत ठाण्याला. दोघांची कामं दोन दिशांना असतील तर घर फाट्यावर असावं, एका टोकाला असू नये. ठाण्यातून सीएसएमटीची गाडी आहे, ट्रान्स-हार्बर आहे, इथूनच सुटणाऱ्या लोकलही आहेत, त्यात बसायला तरी मिळतं. तुझी नोकरी बदलीची. उद्या शाखा घाटकोपरला गेली किंवा कल्याणला, तरी ठाण्यातून दोन्ही जमतं. खरं तर घर शोधण्याआधी बदलीचा अर्जच टाक. ठाण्यात किंवा मुलुंड-भांडुपकडे शाखा मिळाली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. मिळेलच असं धरून मात्र चालू नकोस.

वन बीएचके लहान पडेल, खरंय. पण ते काही वर्षांपुरतं. नौपाडा, चरई, पूर्वेला कोपरी इथल्या जुन्या इमारती बघ. लिफ्ट नसेल, पाण्याच्या वेळा विचारून घ्याव्या लागतील, पण स्टेशन चालत गाठता येतं. रिक्षाच्या रांगेत जाणारा वेळ कुणी प्रवासात मोजत नाही, तो तू मोज. घोडबंदर रोडवरचं घर ठाण्याच्या नावाने दाखवतील, पण तिथून स्टेशनला यायचा वेळ धरलास तर तू डोंबिवलीतच राहिल्यासारखी होशील. आणि अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नकोस. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, अकराच महिन्यांचा असावा असा कायदा नाही. किती का महिन्यांचा असेना, नोंदणी करावीच लागते. तीन वर्षांचा करार माग, म्हणजे शाळेच्या मध्यावर बोचकी बांधायची वेळ येणार नाही.

बिल्डरकडच्या माहितीपत्रकात "होणार" या शब्दापुढे जे असेल ते हिशेबातून काढून टाक. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग होणार, म्हणजे कल्याणकडच्या लोकांना ठाण्यात गाडी बदलावी लागणार नाही, हे आपण किती वर्षं ऐकतोय. त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, पण कळव्याची जोडणी लोक अजून मागतायत. तुझी मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. पुढेमागे कल्याण-डोंबिवली पट्ट्यात घर विकत घ्यायचं झालं तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे एवढ्यावर थांबू नका. खोट्या परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या तिथल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश झाला. आत कर्ज काढून राहणारी माणसं होती. बांधकाम परवानगी खरी आहे ना, हे महापालिकेत जाऊन तपासा आणि भोगवटा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय ताबा घेऊ नका.

शाळेचं थोडक्यात सांगते. मैदान चांगलंच, पण त्या शाळेला सीबीएसईचा संलग्नता क्रमांक विचार. बऱ्याच नव्या शाळा नुसतं "सीबीएसई पॅटर्न" शिकवतात आणि पालकांना ते सातवी-आठवीत कळतं. यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, तोही विचार, मान्यताप्राप्त शाळेला तो असतोच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, तेव्हा वर्गात किती मुलं बसतात ते डोळ्यांनी बघ. प्रवेशासाठी मुलीची किंवा तुमची मुलाखत घ्यायला याच कायद्याने मनाई आहे, कुणी घेऊ लागलं तर स्पष्ट विचार. आणि शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी अर्धा तास उभी राहा. रिक्षाकाका आणि न्यायला आलेल्या आज्या जे सांगतील ते कार्यालयात कळणार नाही. शिक्षक टिकतात का, एवढा एक प्रश्न त्यांना नक्की विचार.

सेमी-इंग्रजीचा तुझा विचार मला पटतो. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, घरात आपली भाषा, म्हणजे लहान वयात मुलीला कळतं आणि बोलावंसं वाटतं. नवऱ्याच्या बदलीची शक्यता असेल, परराज्यात जावं लागणार असेल, तर सीबीएसईत अर्थ आहे. तसं काही तू लिहिलेलं नाहीस. नौपाड्यात सरस्वती आहे, डॉ. बेडेकर विद्यामंदिर आहे. दोन्ही शाळा दोघं मिळून बघून या.

सासूबाईंचा प्रस्ताव मोडीत काढू नकोस. नात सांभाळायला तयार असलेली आजी ही मोठी गोष्ट आहे, आणि तुझी नोकरी टिकावी असं त्या घरात कदाचित त्यांनाच सगळ्यात जास्त वाटत असेल, विचारून बघ. त्यांच्या घरात नको, पण त्यांच्या जवळपास डोंबिवलीत घर हा माझा दुसरा पर्याय आहे. अडचण एवढीच की सकाळी आठला डोंबिवलीत फास्ट लोकलमध्ये चढणं म्हणजे रोजची लढाई. बसायला मिळावं म्हणून बायका उलट्या कल्याणला जाऊन येतात. ठाण्यात राहिलात तरी शाळेला सुट्टी असेल तेव्हा, आजारपणात, दुपारच्या रिकाम्या गाडीने त्या येऊ शकतील. सकाळच्या गर्दीत त्यांना रोज बोलावू नका.

एक गोष्ट मात्र दोघांनी मिळून करा. दलाल रविवारी घर दाखवतो, तुम्ही मंगळवारी जा. सकाळी आठला बदलापूरहून गाडी धरा, तो जनरल डब्यात, तू लेडीजमध्ये, आणि त्याने तुझ्यासोबत फोर्टपर्यंत यायचं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती याच गर्दीतली, कामाला निघालेली. संध्याकाळी सातला परतही त्याच गाडीने या. त्यानंतर त्याला सांग, "त्या दिवशी तू नोकरी सोड म्हणालास ते मला लागलं. घर कुठेही घेऊ, पण माझी नोकरी त्या सौद्यात नाही." आवाज चढवू नकोस, रडू आलं तर येऊ दे, पण वाक्य पूर्ण कर.

आणि घरमालकांना आजच फोन करून मेअखेरपर्यंतची मुदत लेखी मागून घे. ठाण्यातली स्टेशनजवळची घरं शाळांचे निकाल लागले की भराभर जातात, तेव्हा मार्चमध्येच शोधायला लाग.

तुझी,
मावशी