‘तिला घरी आणून मी चूक केली का?’

“मॅडम, मला ती नकोय.”

एवढं बोलून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती बाई गप्प झाली. तोवर पहिल्या भेटीतली चाळीस मिनिटं झोप लागत नाही, ऑफिसात चिडचिड होते, यावरच गेली होती. तिला नको असलेली ‘ती’ म्हणजे सोना, सहा वर्षांची लॅब्रॅडोर जातीची दत्तक कुत्री. मुलुंडच्या पाचव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये येऊन तिला बावीस दिवस झाले होते. (ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

दत्तक कुत्रा घेणारे बरेच जण पहिल्या महिन्यात मनातल्या मनात हे वाक्य म्हणत असतात. ते तोंडातून बाहेर पडायलाच फार वेळ लागतो.

सोना पिल्लं विकणाऱ्या एका ब्रीडरकडून सुटून आलेली. 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. सोनाची किती झाली, कुणालाच माहीत नव्हतं. सिमेंटवर पडून पडून कोपरांना घट्टे, कान पिकलेले, अंगावरून हात फिरवला तर आक्रसून जायची. लॅब्रॅडोरसाठी काम करणाऱ्या गटाने तिला आणलं, नसबंदी केली, दीड महिना फॉस्टर घरी, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे ठेवलं. मग या कुटुंबाची फोनवर मुलाखत झाली, होम चेक झाला. खिडक्यांना जाळ्या आहेत का, दिवसा घरी कोण असतं, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे ना, सगळं पाहून झालं.

घरी आल्या आल्या सोना बाथरूममध्ये शिरली आणि तिथलीच झाली. लिफ्टचं दार सरकलं की थरथरायची. पाऊस सुरू झालेला. खाली नेलं तर गेटपाशी बसकण मारायची आणि वर आली की हॉलमध्ये शू करायची.

“साडेपाचला उठून फरशी पुसते, मग डबे, मग लोकल. रात्री ती कण्हते, की माझी झोप उडते. आणि मॅडम, ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो.”

फॅमिली ग्रुपवर मात्र ती रोज सोनाचा फोटो टाकत होती. सासूबाई शेजारी सांगत होत्या, सुनेने केवढं पुण्याचं काम केलं! फरशी पुसून ती दमली होती, पण या कौतुकाने तिचं तोंडच बंद केलं होतं. माझ्या मते दुखणं तिथे होतं. ज्याची सगळे वाहवा करतात त्याचा पश्चात्ताप होतोय, हे सांगायचं कुणाला?

त्यात कुणीतरी तिला तीन-तीन-तीनचा आडाखा सांगितलेला. तीन दिवसांत भीती ओसरते, तीन आठवड्यांत घराचा परिपाठ कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. आडाखा चांगला आहे, पण ज्या जिवाने घर असं कधी पाहिलंच नाही, त्याला पंखा, मिक्सर, दाराची बेल, सगळंच नवं. त्याला याहून जास्त वेळ लागू शकतो. हिने मात्र तीन आठवडे भरल्यावर स्वतःला नापास करून टाकलं होतं.

मी विचारलं, “गटाच्या करारात परत देण्याबद्दल काय लिहिलंय?” तिला आठवेना. पुढच्या भेटीला कागद घेऊन आली. कुठल्याही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा गटाकडेच परत द्यायचा, परस्पर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. खाली तिचीच सही. असं कलम पुष्कळ गटांच्या करारात असतं आणि लोक ते धमकीसारखं वाचतात. मला त्यात आधार दिसतो. परत देणं म्हणजे पाप, असं मी कुणालाही सांगत नाही. एका घरी कुत्रा लहान मुलाला चावला. त्यांनी लगेच गटाला कळवून त्याला परत दिलं, आणि ते योग्यच केलं. लांबच्या रस्त्यावर नेऊन उपाशी सोडून देणं ही वेगळी गोष्ट. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे.

तिला मी एकच काम दिलं. जे वाक्य मला सांगितलं, तेच गटातल्या ताईंना फोन करून सांगायचं. दोन दिवस धीर झाला नाही. मग केला. ताई म्हणाल्या, “माझ्याकडे पहिली फॉस्टर आली, तेव्हा आठवडाभर मीही रडत होते. परत द्यायचीच असेल तर मी येऊन घेऊन जाईन. पण आधी मला एकदा तिला बघू दे.”

त्या ट्रेनरला घेऊन आल्या. कुत्र्यांच्या वागण्यातलं मला कळत नाही, तो भाग त्यांचाच. ट्रेनरने सांगितलं: तिला हाका मारून बाहेर बोलवू नका, पाहुणे थांबवा, दाराजवळ तिच्याकडे पाठ करून नुसतं बसा, हाताशी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे ठेवा. फिरायची वेळ आणि जागा रोज तीच. त्यांच्याच सांगण्यावरून व्हेटकडे नेलं तेव्हा कळलं, कानातलं इन्फेक्शन गेलेलंच नव्हतं. रात्रीचं कण्हणं त्या ठणक्याचं होतं! लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लसही घेतली, आणि साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, अशी ताकीद मिळाली.

मी घरातल्यांना बोलावलं. नवऱ्याने रात्रीची पाळी घेतली, चौदा वर्षांच्या मुलाने संध्याकाळची. फोटो टाकणं तिने आपणहून थांबवलं. सासूबाईंना खरं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, मग आधी नाही का सांगायचंस?”

गणपतीच्या दहा दिवस आधी ती शेवटची आली. परत देण्याबद्दल मी विचारलं. “ठरवलेलं नाही अजून,” ती म्हणाली, आणि आवाज शांत होता. सोना अजून बाथरूममध्येच झोपते. आंघोळीला जायचं तर आधी तिची झोप झाली का बघावं लागतं. मग तिने पर्समधून कागद काढला. ट्रेनरला विचारायचे प्रश्न होते. पहिला होता: आमच्या गल्लीत ढोलताशा फार वाजतो, तर सोनाची चादर बेडरूममध्ये आत्तापासूनच टाकायला लागू का?