किडनी प्रत्यारोपणावरचं पहिलं संशोधन करताना

पहिला प्रश्न छोटा घ्या, तुमच्याच केंद्रातल्या रुग्णांवर सुटेल एवढा. क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) एकाच आकड्यावरून दीर्घकालीन किडनीविकार ठरवू नका. ही चूक फार होते. बिघाड किमान 3 महिने टिकलेला हवा, आणि लघवीतलं अल्ब्युमिनही (एक प्रथिन) तपासायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं: 'प्रत्यारोपित किडनी निकामी' याची व्याख्या आधीच लिहून ठेवा. किडनी चालू असताना रुग्ण दगावला, तर त्याला कुठे मोजणार? आकडे पाहून हे ठरवलं, तर निष्कर्ष हवे तसे वळतात.

नैतिकता समितीची मंजुरी आणि उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय (भारतातली क्लिनिकल चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी, दोन्ही पहिला रुग्ण घेण्याआधी.

जनुकं, बायोमार्कर (आजाराची खूण दाखवणारे रक्त-लघवीतले घटक) सध्या राहू द्या. फॉलोअपला न आलेले रुग्ण मात्र फोन करून शोधाच. ते गळाले की निकाल खऱ्यापेक्षा चांगले दिसू शकतात.