शहाण्या मुलीच्या कौतुकाआड

इंग्लंडमधील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की, त्यांच्या परिचयातील एका सुशिक्षित, देवधर्म पाळणाऱ्या घरातील दहा वर्षांची मुलगी शाळेतून आल्यावर तीन वर्षांच्या भावाला रोज एकटीने सांभाळते, तिचे किडलेले दात वर्षभर तसेच आहेत आणि भर थंडीतही ती तोकड्या स्वेटरवर असते. भावाचे मात्र काही कमी पडत नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

सुट्या सुट्या पाहिल्या तर यातील प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण सापडेल. सरकारी दंतवैद्याची वेळ मिळणे तिकडे किती कठीण झाले आहे, हे आपण जाणताच. पण इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शिकेत दुर्लक्षाची व्याख्या मुलाच्या मूलभूत शारीरिक किंवा मानसिक गरजा सातत्याने न भागवणे अशी आहे, आणि आपल्या पत्रातील ‘रोज’ व ‘वर्षभर’ हे दोन शब्द नेमके त्या सातत्याकडे बोट दाखवतात. मूल किती वयापर्यंत एकटे ठेवू नये याचे बंधन तेथील कायद्यात नाही. मात्र मूल धोक्यात येईल अशा रीतीने त्याला सोडून जाणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि एन.एस.पी.सी.सी. ही बालसंरक्षण संस्था बारा वर्षांखालील मुलांना फार वेळ एकटे ठेवू नये असे सांगते. येथे तर त्याच वयाखालील मुलीवर आणखी एका मुलाची जबाबदारी आहे.

आपल्या समाजात मारझोड निदान ओळखता येते. दुर्लक्षाला मात्र ‘पोर किती समजूतदार आहे’ अशी शाबासकी मिळते, विशेषतः ते पोर मुलगी असेल तर. भारत सरकारच्या २००७ मधील बाल अत्याचारविषयक अभ्यासात जवळजवळ निम्म्या मुलींनी आपण मुलगा असतो तर बरे झाले असते, असे सांगितले होते. दुर्लक्षाच्या खुणांना चांगले वळण समजण्याचा हा गैरसमज केवळ आपलाच नाही. लंडनमध्ये २००० साली छळ आणि दुर्लक्षामुळे मरण पावलेल्या व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचे मोठ्यांसमोर ताठ उभे राहणे तिच्या संस्कृतीतील आदराचे लक्षण समजले गेले होते, असे लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या चौकशी अहवालात नमूद आहे.

तक्रार केली तर ‘सरकारी लोक मुले काढून नेतील’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु बहुतेक तक्रारींत मूल घरातून काढून नेले जात नाही; गरज दिसली तर कुटुंबाला मदत देऊ केली जाते. मूल घरापासून दूर ठेवण्यास पालकांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तातडीच्या धोक्यात पोलिसांना मिळणारा अधिकारही जास्तीत जास्त ७२ तासांचा असतो.

आपण काय पाहिले ते तारखांसह लिहून ठेवा आणि स्थानिक कौन्सिलच्या बालसेवा विभागाला किंवा मुलीच्या शाळेतील बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवा. नाव न सांगताही कळवता येते. मुलगी आपणहून बोलली तर ऐकून घ्या, प्रश्नांची सरबत्ती करू नका आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका. महाराष्ट्र मंडळातील ज्येष्ठांना मध्ये घालून समेट करण्याचा मोहही टाळा, कारण त्यातून पालक सावध होतात आणि घरी बोलणी मुलीला खावी लागतात.