चाळिशीनंतर भरदार अंग कमी करून सडपातळ व्हायचं असेल, तर व्यायामात काय बदल करावा?

तुम्ही लिहिलंय की वय ४६, अठरा वर्षं जिम, छाती-दंड भरपूर कमावलेत, पण आता ते सगळं अंगावर जड वाटतं. जिना चढताना धाप लागते, गुडघे दुखतात आणि बारीक व्हायचं म्हटलं की जिममधली पोरं वेड्यात काढतात. त्याखाली विचारलंय, ‘कमावलेला मसल मुद्दाम घालवणं चुकीचं आहे का?’ मी लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या ओळीसाठी. चुकीचं नाही. मी केलंय. १०४ किलोंवरून ८१ वर आलो, चौदा महिने लागले आणि त्यापायी सख्ख्या थोरल्या भावाशी दोन वर्षं धड बोलणं नव्हतं.

मी कागल तालुक्यातला. १९८७ साली, तेराव्या वर्षी मला कोल्हापूरच्या एका तालमीत ठेवलं. आण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेलेले, त्यामुळे त्यानं दहावीनंतर शाळा सोडून शेती हातात घेतली होती. घरात तीन म्हशी. तो पहाटे चारला धार काढायचा, ॲल्युमिनियमच्या किटलीला ओलं फडकं गुंडाळायचा आणि गावातून सुटणाऱ्या पहिल्या एसटीत कंडक्टरजवळ द्यायचा. स्टँडवर मी किंवा तालमीतलं दुसरं पोरगं उभं असायचं. असं तेरा वर्षं चाललं. त्या काळात त्याच्या स्वतःच्या लेकरांना दूध चहापुरतं मिळायचं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, सुट्टीला गेलो की माझ्या डोळ्यांनी बघायचो आणि गप्प बसायचो. मी खासबागेत दोनदा लढलो. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं ते मैदान, तिथं उतरायला मिळालं यातच आण्णाचे पैसे फिटले, असं तो आजही म्हणतो. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, तालीम सुटली आणि मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात लागलो.

तालीम सुटली, खुराक सुटला नाही. आमच्याकडच्या कितीतरी पैलवानांची पुढची गोष्ट हीच आहे. ज्यानं दिवसाला हजार बैठका आणि पाचशे जोर मारले त्याला दोन-तीन लिटर दूध, बदामाची थंडाई, तूप, मटण पचतं. तोच माणूस खुर्चीत बसल्यावर तेवढंच खातो आणि चाळिशीत त्याला बीपी, साखर, सांधे सगळं एकदम गाठतं. म्हशीच्या लिटरभर दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात. मी पंचेचाळिशीतही दोन लिटर पीत होतो, कारण किटली रोज येत होती. आता ती एसटीनं नव्हे, पुतण्याच्या मोटरसायकलला अडकवून यायची एवढाच फरक.

आणि ‘अंग उतरलं’ म्हणून घेण्याची भीती. आमच्या भागात जुना पैलवान भेटला की लोक आधी त्याच्या मानेकडे आणि दंडाकडे बघतात, तब्येत मग विचारतात. त्या भीतीनं मी तिशीत जिम लावली. आठवड्याला सहा दिवस. एकट्या छातीचे सोळा सेट, म्हणजे फेऱ्या. स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकीला, १४० किलो. मानेची मेहनत वेगळी, तालमीतल्या सवयीनं. शर्टाची कॉलर १७ ला बंद होईना म्हणून मी वरचं बटण लावणंच सोडलं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

मग ४८ व्या वर्षी एका दुपारी, ऊस नोंदणीच्या कागदांवर सही करता करता शेतकऱ्यासमोर मी झोपलो. पेन हातात तसंच. चार-पाच मिनिटं असेल. त्याआधी बायको वर्षभर सांगत होती, तुम्ही रात्री घोरता घोरता मध्येच गप्प होता, मला भीती वाटते, मी हलवून उठवते. मी ऐकत नव्हतो, कारण आमच्या तालमीत सगळेच घोरायचे. बीपी १६० वर १०० निघालं. डॉक्टरांनी वजनकाट्याआधी टेप घेतली आणि मान मोजली. साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर. पुरुषाची मान ४० च्या पुढे असली की झोपेत श्वास अडकण्याची शंका धरतात, हे मला त्या दिवशी कळलं. रात्रीची तपासणी झाली. तासाला ३८ वेळा श्वास अडकत होता. हा आकडा तीसच्या पुढे गेला की आजार तीव्र धरतात. नाकावर मास्क लावून हवा देणारं यंत्र मिळालं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावाच, पण वजन दहा टक्के जरी उतरवलंत तरी फरक दिसेल.

आता माझी चूक ऐका, कारण तुम्ही हीच करणार. मी वजनं उचलणं एका दिवसात बंद केलं. सकाळी पाटाच्या कडेनं पळायला लागलो आणि दोन वेळा अर्धी-अर्धी भाकरी. तीन महिन्यांत नऊ किलो गेले. पण गेलं काय? गाल बसले, खांदे ओघळले, पोट होतं तिथंच. डीएपी खताचं ५० किलोंचं पोतं ट्रॉलीतून खांद्यावर घेताना पाय लटपटले. मोडलेल्या गुडघ्यावर धावल्यानं तो सुजला ते वेगळंच. बाजारात लोक विचारू लागले, साखर लागली काय? तशीही तिशीनंतर माणसाच्या स्नायूंची दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के घट होते, त्यात आपण उपाशी राहून भर घालायची म्हणजे साठीत जमिनीवरून उठायला हात टेकायची सोय करून ठेवायची.

त्याच दिवसांत मी किटली परत पाठवली. पुतण्याला म्हटलं, अर्धा लिटरच ठेव, बाकी डेअरीला घाल. संध्याकाळी आण्णा स्वतः आला. चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला. किटली हातात. बुडाशी पोचा आलेली, १९९२ च्या सुमारास एसटीच्या टपावरून पडली होती तीच. म्हणाला, “आमचं दूध आता बाधाय लागलं व्हय तुला?” मी डॉक्टरांचं सांगितलं, मानेचं सांगितलं, तपासणीचा कागद दाखवला. त्यानं कागद घेतलाच नाही. माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाला, “ह्यात माझी तेरा वर्षं हाईत. तू कुणाला विचारून घालीवलंस?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्यानंतर दोन दिवाळ्या तो आमच्या घरी फराळाला आला नाही.

तरी मी थांबलो नाही, रीत बदलली. तुमच्या कामाचं आहे ते हे. सहा दिवसांची मेहनत दोन दिवसांवर आणली, प्रत्येक वेळी सगळ्या अंगाची. एक बसून उठण्याचा प्रकार, एक वाकून जमिनीवरून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा आणि शेवटी दोन्ही हातांत वजन धरून चालणं. प्रत्येकाचे दोनच सेट, सहा ते आठ वेळा, आणि अजून दोन वेळा सहज होतील असं वाटतानाच थांबायचं. मानेची मेहनत आणि खांदे उडवायचा व्यायाम कायमचा बंद. छातीचे सोळा सेट होते ते आठवड्याला चार झाले. उचलायचं वजन कमी केलं, पण पाच किलोंच्या डंबेलवर आणलं नाही. ताकद कमवायला जेवढी मेहनत लागते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात ती टिकते, अट एवढीच की उचललेलं वजन पुरेसं जड हवं. आकार मात्र सेट कमी झाले आणि खाणं आवरलं की हळूहळू उतरतो. तुम्हाला हवं ते हेच आहे ना?

जिममध्ये तुम्हाला सांगतील की हलकं वजन घेऊन पंचवीस-तीस वेळा करा, ‘कटिंग’ येईल, म्हणजे चरबी जाऊन अंग रेखीव दिसेल. खोटं आहे. दमछाक होईपर्यंत केलं तर हलक्या वजनानंही स्नायू वाढतो. पोटाच्या व्यायामानं पोटावरची चरबी जाते हेही तसंच खोटं. चरबी उतरते ती खाणं आवरल्यानं आणि चालण्यानं. मी रोज पहाटे पन्नास मिनिटं चालतो, शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. रविवारी पायथ्यापासून पन्हाळा चढतो. उतरताना गुडघ्याला जपून, काठी घेऊन. आठवड्याला अर्ध्या किलोच्या पुढे वजन पडू दिलं नाही. प्रथिनं मात्र कमी केली नाहीत. वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम: अंडी, कडधान्यं, आठवड्यातून दोनदा मासे किंवा कोंबडी आणि ते अर्धा लिटर दूध. तूप चमच्यानं, वाटीनं नाही. उठता-बसता हजार बैठका मारायचा हट्ट असेल तर चाळिशीत सोडा. जुन्या गुडघ्याला त्या नकोत, मग कुणी वस्ताद काहीही म्हणो.

आता त्या पोरांचं, जी तुम्हाला वेड्यात काढतात. त्यांना खाशाबा जाधवांबद्दल विचारा. १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आलेला आमचा कऱ्हाडकडचा गडी, गोळेश्वरचा. बँटमवेट गटात लढला, म्हणजे ५७ किलो. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटला लढला, ५२ किलोंच्या आत. शंभर किलोंचं अंग म्हणजेच पैलवान, हे कुणी ठरवलं? मी आण्णालाही हेच म्हटलं होतं, त्या उंबऱ्यातल्या भांडणात. तो म्हणाला, “खाशाबाच्या खुराकाला माझं दूध न्हवतं.” त्यावर मी गप्प झालो.

पण गेली दोन वर्षं मी मनात त्याच्याशी भांडतोय आणि आता काय म्हणायचं ते मला सापडलंय. आण्णा आज साठीचा आहे. वजन ६३ किलो असेल. कंबर बत्तीस. आयुष्यात वजन म्हणून काही उचललं नाही, पण परवा तोडणीला टोळी कमी पडली तर उसाची तीस-पस्तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. एकदा नाही, सकाळपासून. मी खाली उभा राहून त्याच्या पोटऱ्या बघत होतो. शिरा दिसणाऱ्या, सुक्या, लांब. कधी बीपीची गोळी नाही, रात्री घोरणं नाही. मला जे अंग हवं होतं ते माझ्या घरातच होतं आणि ते म्हशींमागे, पाण्याच्या पाळीमागे, मोळीखाली तयार झालं होतं. मला पैलवान करताना त्यानं स्वतःचं अंग माझ्यापेक्षा चांगलं कमावलं. त्याची तेरा वर्षं माझ्या खांद्यात आहेत असं तो म्हणतो. मला वाटतं ती त्याच्या पोटऱ्यांत आहेत. त्याला हे तोंडावर सांगितलं नाही. मीही वर चढलो आणि तासभर त्याच्याबरोबर मोळ्या वाहिल्या. तो एवढंच म्हणाला, “दम टिकतोय की तुझा.” १०४ किलोंचा असताना मी ती फळी दोनदासुद्धा चढलो नसतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना डॉक्टरांना दाखवत राहा. माझी बीपीची गोळी सहाव्या महिन्यात निम्मी करावी लागली, आधी चक्कर येऊ लागली तेव्हा कळलं. काही न करता वजन पडत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून साखर आणि थायरॉईड तपासा. मुळातच बारीक असाल आणि कंबर आत असेल तर मसल घालवायच्या नादाला लागू नका. आपल्याकडच्या पुरुषाला कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. माझी १०८ होती, आता ९१ आहे. मान ४० वर आलीय. श्वास अडकणं तासाला १२ वर आलं, यंत्र अजून लावतो, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत लावणार.

सुरुवात सेट मोजण्यापासून करू नका. आज रात्री टेप घेऊन मान आणि कंबर मोजा, आणि घरात जो तुमच्याशेजारी झोपतो त्याला विचारा, मी झोपेत मध्येच गप्प होतो का.